यंत्र रुग्णाच्या घरी जाणार आहे

प्रिय भाचीबाई,

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा कफ मोकळा करणाऱ्या यंत्राचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईने कळवलं. मला फार आनंद झाला. माझी सारी नोकरी इथे ब्रिटनमध्ये याच रुग्णांना छातीची फिजिओथेरपी देण्यात गेली, म्हणून तू विचारण्याआधीच लिहायला बसले.

तुमच्या यंत्राची तुलना कशाशी होणार, हे सगळ्यात आधी विचार. काहीच उपचार न करण्याशी तुलना केली, तर बरंच काही गुणकारी दिसतं. तुलना आज मिळणाऱ्या साध्यात साध्या, स्वस्त साधनाशी व्हायला हवी, आणि तीही वर्षभर. कॅनडातल्या १२ केंद्रांनी हे धाडस केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १०७ रुग्ण होते. काहींना छातीला वेगाने हादरे देणारं, विजेवर चालणारं महागडं जाकीट दिलं. बाकीच्यांना पीईपी मास्क दिला. श्वास सोडताना थोडा अडथळा करणारा हा मास्क, त्याला वीजही लागत नाही. वर्षअखेर मास्कवाल्यांचा छातीचा आजार सरासरी १.१४ वेळा बळावला होता, जाकीटवाल्यांचा २ वेळा. पहिल्यांदा बळावण्यापर्यंत मास्कच्या गटात २२० दिवस गेले, जाकिटाच्या गटात ११५. शिवाय मास्कला रोज वेळही कमी लागत होता.

आता यातली खरी गोष्ट बघ. फुफ्फुसांची क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती, आणि रुग्णांचं समाधानही. तेवढंच मोजून, तीन महिन्यांत चाचणी गुंडाळली असती, तर दोन्ही साधनं सारखीच ठरली असती. जाकिटाला मी नावं ठेवत नाही. आईबापांना रोज हाताने मुलाची छाती-पाठ थोपटावी लागे, त्यातून त्याने कितीतरी घरं सोडवली. पण आधी नीट विचार करून मापं ठरवली नाहीत, तर चांगल्या मनाने केलेली चाचणीही चुकीच्या बाजूने कौल देते.

दुसरं, वापर विचारू नकोस, नोंदव. इंग्लंडमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरच्या आतली नोंद आणि रुग्णांनी सांगितलेला वापर शेजारी ठेवून पाहिला. रुग्णांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेण्याचं प्रमाण ८० टक्के होतं, यंत्राच्या नोंदीत ३६. म्हणून रुग्ण खोटं बोलतात असं कुणी तुमच्या बैठकीत म्हणालं, तर तिथेच थांबव. अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांनी रोजच्या उपचारांना सरासरी १०८ मिनिटं लागतात असं सांगितलं होतं. नोकरी, कॉलेज, स्वयंपाक सांभाळून ही मिनिटं काढायची, आणि वर नेब्युलायझरचे सुटे भाग धुवायचे, निर्जंतुक करायचे, वाळवायचे. तुमच्या यंत्राला किती सुटे भाग आहेत? आयुष्यभर ते कोण धुणार? नवा भाग जोडण्याआधी दर वेळी हे विचार.

आणि एक नियम कधीही मोडू नकोस. या रुग्णांना एकमेकांकडून स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया यांसारख्या जंतूंचा संसर्ग होतो, म्हणून त्यांना एका खोलीत बसवत नाहीत. यंत्र दाखवायला चार रुग्णांना एकत्र बोलावण्याची पद्धत या आजारात चालत नाही. प्रत्येकाशी वेगळं बोल, व्हिडिओवर बोल. एकाच्या तोंडाला लागलेला नमुना दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये.

२०१९ साली तीन औषधांची एकत्रित गोळी आली आणि अनेकांचं आयुष्य पालटलं. तेव्हापासून, आता यंत्रांची गरज उरली नाही, असं ऐकू येतं. ती गोळी घेणाऱ्यांपैकी काहींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत खारट पाण्याची वाफ किंवा डॉर्नेझ हे औषध यांपैकी एक सहा आठवडे बंद केलं, तरी फुफ्फुसांची क्षमता घसरली नाही. हे चांगलंच झालं, त्यांचा वेळ वाचला. पण काहींच्या जनुकदोषावर ती गोळी चालतच नाही. गोळीला दाद देणारा सगळ्यात ओळखीचा दोष युरोपात जितक्या रुग्णांत सापडतो, त्याहून भारतात बऱ्याच कमी रुग्णांत सापडतो. आणि ज्यांना ती लागू पडेल, त्यांच्यातल्याही अनेकांना तिची किंमत परवडत नाही. ही माणसं सकाळ-संध्याकाळ कफच काढत राहणार आहेत. तुझं यंत्र आधी त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या घरी वीज जाते, सुटा भाग तुटला तर महिनाभर मिळत नाही, हे धरूनच आराखडा कर.

चाचणीचा मसुदा पक्का होण्याआधी मला पाठव. तुलनेचा गट, मुदत आणि सफाईची पद्धत ही पानं आधी पाठवलीस तरी चालेल, मी वाचून लगेच उत्तर देईन.

तुझी,
मावशी