हजेरीचा प्रश्न

रोटरी किंवा लायन्स क्लबची टिंगल करायला फारशी प्रतिभा लागत नाही. गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर, कोटावर पिन, नावाआधी ‘रो.’ किंवा ‘ला.’, आणि वह्यावाटपाच्या फोटोत एका वहीला हात लावून उभी असलेली आठ-दहा मोठी माणसे व ती वही घेणारा एकच मुलगा. तालुक्याच्या बातम्यांच्या पानावर हा फोटो वर्षभर येत राहतो. शाळा तेवढी बदलते. या टिंगलीत तथ्य आहेच. पण टिंगल करणारे असे धरून चालतात की, क्लब म्हणजे त्याचे उपक्रम. क्लबवालेही तेच धरून चालतात. वार्षिक अहवालात शिबिरे, वृक्षारोपण, सायकलवाटप यांना पाने मिळतात आणि साप्ताहिक बैठकीला ‘नियमित सभा घेण्यात आल्या’ एवढी एक ओळ. मला याच्या उलट वाटते. क्लब ही मुळात बैठक आहे. ती कशी चालते त्यावर त्याची सेवा कशी असणार हे ठरते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक क्लबांत बैठकीचा आता कार्यक्रम झाला आहे.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तिघांबरोबर बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून रोटरी हे नाव पडले. हॅरिस लहान गावात वाढलेला. मोठ्या शहरात अशील मिळतात, स्नेही मिळत नाहीत, हे त्याचे दुखणे होते; पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहिलेल्या कोणालाही ते समजेल. क्लबचा महत्त्वाचा नियम एकच होता: एका धंद्याचा एकच सभासद. यात परोपकार शोधू नये. स्पर्धक नसलेल्या माणसांत बसले की एकमेकांना धंदा देता येतो, इतका साधा हिशेब. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवणारा एक पदाधिकारीच सुरुवातीला असे. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले, तेव्हा त्याने नकार दिला. सभासदांपलीकडे शहराचे काही भले होणार नसेल तर अशा क्लबाला भवितव्य नाही, असा त्याचा आक्षेप होता. तो पटला, घटना बदलली आणि कार्टर आत आला. आधी बैठक होती. सेवा तिच्यावर घेतलेल्या एका आक्षेपातून आली.

त्यानंतर क्लबने हाती घेतलेले पहिले मोठे सार्वजनिक काम म्हणजे शिकागोच्या सिटी हॉलजवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह. साल १९०७ च्या आसपासचे. या कामाला शहरातले दारू उत्पादक आणि मोठ्या दुकानांचे मालक यांनी विरोध केला. सोय तर आमच्याकडे आहेच, असे त्यांचे म्हणणे. आत आलेला पुरुष एखादा पेला घेऊन आणि आलेली बाई काहीतरी विकत घेऊन बाहेर पडत असे, तेव्हा विरोधाचे कारण उघड होते. क्लबाने शहरातल्या इतर संस्थांना जोडून घेतले, पालिकेकडे पाठपुरावा केला आणि स्वच्छतागृह झाले. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांना याच मागणीसाठी शंभर वर्षांनंतर महापालिकेत खेटे घालावे लागले, हे आठवले म्हणजे त्या कामाचे वजन कळते. पहिल्याच मोठ्या कामाला विरोधक होते, आणि ते विरोधक सभासदांच्याच व्यापारी जगातले होते. आजच्या क्लबांच्या कामांची यादी घ्या आणि त्यांतल्या एखाद्याला कोणाचा विरोध झाला का ते पाहा. वह्या वाटण्याला, रोपे लावण्याला, आदर्श शिक्षक पुरस्काराला कोण विरोध करणार? ज्याला कोणाचाच विरोध नाही असेच काम निवडायचे, हा अलिखित नियम होऊन बसला आहे.

त्याच १९०५ च्या जूनमध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदाने शपथा घ्यायच्या, पाच वर्षे उमेदवारी करायची, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही आणि संस्था देईल त्या तुटपुंज्या वेतनात आयुष्य काढायचे. ठक्करबाप्पा, ना. म. जोशी अशी माणसे त्यातून उभी राहिली. मराठी मनात ‘समाजसेवा’ म्हटले की आजही हे चित्र येते: घरदार बाजूला ठेवलेला, खादीतला, थोडा चिडका माणूस. त्या मापाने दुकान बंद करून संध्याकाळी साडेसातला हॉटेलच्या हॉलमध्ये येणारा हार्डवेअरचा व्यापारी हास्यास्पद ठरणारच. पण आयुष्य देणारी माणसे समाजात नेहमीच थोडी असतात. उरलेल्यांकडून काय मागायचे, हा प्रश्न गोखल्यांच्या संस्थेने सोडवलेला नाही. तिचे ते कामही नव्हते. रोटरीने त्याला एक उत्तर दिले. त्यांच्याकडून आयुष्य मागायचे नाही, हजेरी मागायची.

ही हजेरी चांगली कडक होती. लागोपाठ चार बैठका चुकवल्या की सभासदत्व जाई. परगावी गेलात तर तिथल्या क्लबच्या बैठकीला जाऊन, दोन आठवड्यांच्या आत, चुकलेली हजेरी भरून काढता येई. त्यामुळे इचलकरंजीचा सूतव्यापारी कामानिमित्त कोइमतूरला गेला की तिथल्या अनोळखी माणसांत जेवायला बसत असे. जुने सभासद अशा हजेऱ्यांच्या गोष्टी इतर कोणत्याही उपक्रमापेक्षा जास्त रंगून सांगतात. त्यात मिरवणेही असते; पण ज्याच्याशी ना नाते, ना जात, ना उधारी, अशा माणसाबरोबर दर आठवड्याला तासभर बसण्याची सक्ती आपल्या समाजात दुसरीकडे कुठे आहे? आपल्या बहुतेक गाठीभेटी लग्नात, मयताला नाहीतर निवडणुकीत होतात, आणि तिन्ही ठिकाणी कोण कोणाचा हे आधीच ठरलेले असते.

नियमित बैठकीने काय साधते हे बचत गटातल्या बायकांना सांगावे लागत नाही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठकीला नियमित बचतीइतकेच स्थान आहे. दहा-वीस जणी ठरल्या वारी बसतात, गैरहजर असेल तिला गटाच्या नियमाप्रमाणे दंड होतो, वही उघडली जाते आणि कोणाचा हप्ता थकला ते सगळ्यांदेखत वाचले जाते. संकोच होतो, कधी भांडणही होते. पण पुढच्या बैठकीला त्याच बायका त्याच सतरंजीवर असतात, म्हणून भांडण मिटवावेच लागते. रोटरीतही दंड आहे. सार्जंट अ‍ॅट आर्म्स तो गमतीगमतीत वसूल करतात आणि तो असतो पिन लावायला विसरल्याचा. लायन्समध्ये याच कामाला टेल ट्विस्टर असतो. गेल्या वर्षीच्या कामाचे काय झाले हे न सांगितल्याबद्दल दंड झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

बैठक आता साधारण कशी होते? घंटा वाजते, राष्ट्रगीत होते, चार प्रश्नांची कसोटी एका सुरात म्हटली जाते. मग या आठवड्यातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, गुलाबाचे फूल. सेक्रेटरींच्या घोषणा. मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनी स्वतःच लिहून पाठवलेला असतो आणि भाषणाच्या निम्म्या लांबीचा असतो. भाषण: मधुमेह, म्युच्युअल फंड, लडाखची सहल, नाहीतर ताणतणाव व्यवस्थापन. दोन प्रश्न, त्यांतला एक प्रश्न नसून दुसरे भाषण. शाल, रोप, आभार आणि जेवण, ज्याला क्लबात फेलोशिप म्हणतात. व्याख्याने ऐकण्याची हौस मराठी माणसाला जुनीच आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून आहे आणि तिचे जे मोल आहे ते आहेच. पण व्याख्यानमालेत श्रोता शेजारच्या श्रोत्याला बांधील नसतो. क्लबचा सभासद असायला हवा, आणि या सगळ्या कार्यक्रमात त्याला शेजाऱ्याशी कामाचे एक वाक्य बोलायलाही जागा नसते. ते बोलणे जेवणाच्या रांगेत होते आणि पनीर आले की थांबते.

याचे परिणाम कामांवर दिसतात. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष एका वर्षाचा असतो. पदग्रहण समारंभ, प्रांतपालांची भेट, पुरस्कार हे सारे त्या बारा महिन्यांत बसवायचे. मग प्रत्येक अध्यक्षाला स्वतःचे नवे काम लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत हात धुण्याचे स्टेशन बसवले जाते, कोनशिलेवर अध्यक्षाचे नाव लागते, आणि दोन उन्हाळ्यांनंतर नळ गळून गेलेले, टाकी कोरडी, कोनशिला मात्र शाबूत अशी अवस्था होते. यात कोणाची लबाडी नसते. तो नळ कोणाच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसतो. नव्या अध्यक्षाने विचारले तर जुन्याचा अपमान, आणि जुन्याने आठवण केली तर नव्याच्या कामात ढवळाढवळ.

याला मोठा अपवाद आहे आणि तो रोटरीचाच आहे. पोलिओप्लस मोहीम १९८५ साली जाहीर झाली. तेव्हापासून प्रत्येक क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बदलला, जागतिक अध्यक्षही दरवर्षी बदलला, पण विषय बदलला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे श्रेय मुख्यतः सरकारी आरोग्य यंत्रणेचे आणि दारोदार फिरणाऱ्या सेविकांचे आहे; पण पोलिओ रविवारी बूथवर बसणाऱ्या सभासदांनाही त्यात आपला वाटा सांगता येतो, कारण दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षीही तोच प्रश्न त्यांच्यापुढे येत राहिला. लायन्सच्या नेत्रशिबिरांचेही तसेच. हेलन केलर यांनी १९२५ साली ओहायोतल्या अधिवेशनात त्यांना अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तो धागा आजतागायत सुटलेला नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजीला क्लबची बैठक कशी चालते याच्याशी कर्तव्य नाही, असे कोणी म्हणेल, आणि त्या शिबिरापुरते ते बरोबर आहे. शिबिराची घडी इतकी बसलेली असते की बैठकीवाचूनही ते पार पडते. नळाचे, पाण्याचे, कचऱ्याचे तसे होत नाही.

बैठकीला कोण असते हा प्रश्न याला लागूनच येतो. ‘एका धंद्याचा एक’ या नियमाने विविधता आली, पण ती डॉक्टर, सीए, बिल्डर, वकील, पेट्रोलपंपाचे मालक यांच्यातली. गावातले धंदे खरोखर मोजले तर रिक्षाचालक, भाजीवाली, आशा सेविका, सफाई कामगार हेही त्यात येतात. वर्गणी आणि जेवणाचा खर्च त्यांना बाहेर ठेवतो. नियमाला बोट लावावे लागत नाही. बायकांना बाहेर ठेवणारा नियम मात्र लेखी होता. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या लहानशा गावाच्या क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद केले, तर पुढच्या वर्षी त्या क्लबचीच मान्यता काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल क्लबच्या बाजूने लागला. आपले संबंध खासगी जिव्हाळ्याचे आहेत, कोणाशी ते ठेवावेत हे आम्ही ठरवू, असा रोटरीचा एक बचाव होता. न्यायालयाने बैठकीकडेच बोट दाखवले. तुमच्या बैठकीला परगावचे सभासद येतात, पाहुणे येतात, तुम्ही दारे उघडी ठेवता, तेव्हा ही खासगी मैत्री नव्हे, असा त्याचा आशय होता. दोन वर्षांनी जगभरच्या क्लबांत स्त्रियांना प्रवेश खुला झाला. आपल्याकडे बराच काळ सभासदाच्या पत्नीला ‘अ‍ॅन’ म्हणून फक्त कौटुंबिक मेळाव्याला बोलावले जाई, हे विसरू नये.

२०१६ साली रोटरीने हजेरीचे नियम सैल केले. महिन्यातून दोनदा भेटले तरी चालते, आणि भेट कशी घ्यायची हे बऱ्याच अंशी क्लबने ठरवायचे. तरुणांना वेळ नसतो, हे कारण सांगितले जाते. ते खरेही असेल. पण ज्या तरुणाला वेळ नाही तो शनिवारी सिंहगड चढतोच. त्याला वेळ नसतो तो लग्नाच्या वाढदिवसांची यादी ऐकायला. बैठका कमी करून हे दुखणे जाणार नाही, बैठकीत बोलण्यासारखे काहीतरी असावे लागेल.

त्यासाठी नवे काही शोधायचीही गरज नाही. सभासदाने आपल्या स्वतःच्या धंद्याविषयी बोलायचे, ही रोटरीची जुनी प्रथा आहे. आणि ती चार प्रश्नांची कसोटी हर्बर्ट टेलर यांनी १९३२ च्या मंदीत, बुडत चाललेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या आपल्या कंपनीसाठी लिहिली. हे खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, यावर त्यांनी आधी स्वतःच्या जाहिराती घासून पाहिल्या. आपण ती जेवणाआधीच्या श्लोकासारखी म्हणतो. एखाद्या मंगळवारी पाहुणा न बोलावता डॉक्टर सभासदाने कट प्रॅक्टिसविषयी, बिल्डरने नकाशे मंजूर कसे होतात याविषयी आणि शाळाचालकाने देणगीविषयी त्या चार प्रश्नांना धरून वीस वीस मिनिटे बोलावे. बाहेर काही जाणार नाही अशी हमी त्यांना द्यावी. काही जण त्या दिवशी येणार नाहीत, काही पुढेही येणार नाहीत, आणि पदग्रहणाच्या खर्चाला पैसे कमी पडतील. उरलेल्यांनी विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून गेल्या तीन अध्यक्षांची कामे एकेक करून घ्यावीत: कुठे आहेत, चालू आहेत का, बंद असतील तर कोणामुळे. पुढच्या बैठकीला प्रमुख पाहुणे म्हणून त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि गावातला एखादा प्लंबर आला तरी चालेल. परिचय छापायची गरज नाही.