दुखणे थांबले म्हणजे बरे झाले का?

पायाचा अस्थिबंध फाटला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, चालायला कधी लागणार?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो आणि तो नीतीचा आहे. बरे होणे ही एकट्या रुग्णाची जबाबदारी, की भोवतालच्यांचीही?

आपल्या एका पावलात 26 हाडे असतात. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ते अस्थिबंध. आपण त्यांना सर्रास लिगामेंट म्हणतो. त्यांना रक्तपुरवठा स्नायूंपेक्षा कमी, म्हणून ते सावकाश भरून येतात. सूज आधी ओसरते, दुखणेही कमी होते. आतले धागे मात्र पुढे कित्येक महिने घट्ट होत राहतात. वेदना थांबणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. आपण दोन्ही एकच समजतो आणि पाय पुन्हा मुरगळतो.

उलट, पाय फार काळ बांधूनच ठेवला तर नवे धागे अस्ताव्यस्त आणि दुबळे राहतात. बेताबेताने भार पडू लागला की ते ताणाच्या दिशेने नीट बसतात. सब्र म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे इथे शरीरच शिकवते. झेपेल तेवढा भार, झेपेल त्या वेळी, हाही सब्रच.

पण किती झेपेल हे ठरवायचे कोणी? नोकरदाराला रजा टाकता येते. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली विमाधारक कामगारांना आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत, वेतनाच्या 70 टक्के भत्त्याची सोय झाली. नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई मात्र बहुधा त्या छत्राबाहेरच राहिली. डॉक्टर सगळ्यांना विश्रांतीच सांगतात. एकाला तो सल्ला औषध ठरतो, दुसऱ्याला उपासमार. बिगारी चौथ्या दिवशी लंगडत कामावर येतो आणि आपण त्याच्या काटकपणाचे कौतुक करतो! हे कौतुक आपल्याला फार स्वस्त पडते.

"धीर धरा" असे सांगणे सोपे आहे. ज्याला ते सांगायचे, त्याची चूल तेवढे दिवस पेटती राहील याची तजवीज हा त्याच सल्ल्याचा अर्धा भाग आहे. घरकामाच्या बाईला पगार न कापता रजा देणे ही खैरात नव्हे. तिच्या पावलांवर आपले घर चालते, त्याचे ते देणे आहे.