त्याले दुखते का?

मोहाडीहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. माझ्या मामाने तो अजून पाहिलेला नाही. पण त्याची सगळी नोकरी तुमसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणीत गेली, आणि तिथलं मँगनीज म्हणजे एका फार जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. म्हणजे मामा समुद्राच्या तळाशीच कामाला होता, असं मी म्हणतो. तो हसतो.

दिवाळीत त्याला मोबाईलवर सी लिलीचा व्हिडिओ दाखवला. लांब देठ, वर पिसासारख्या हातांचा फुलोरा. "फूल हाय," मामा म्हणाला. फूल नाही, प्राणी आहे. दहावीच्या पुस्तकातला कंटकचर्मी संघ आठवा, तारामाशाचा हा भाऊबंद. प्रवाहाकडे हात पसरायचे, वाहत येणारे कण टिपून तोंडाकडे सरकवायचे, एवढाच उद्योग. सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीपासून हे कुळ आहे. एकेकाळी उथळ समुद्रात यांची रानं होती. पुढे शिकारी वाढले, आणि देठवाले आता खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यातच सापडतात.

मामाने एकच विचारलं, "त्याले दुखते का?"

उत्तर सोपं नव्हतं. सी लिलीला मेंदू नसतो, मज्जातंतूंची वलयं असतात. दुखणं, निदान आपल्या अर्थाने, बहुधा नसावं. मग प्रश्न संपतो का?

मी विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हा प्रश्न माझ्या पगारापर्यंत येतो. बॅटऱ्यांना लागणारं निकेल, कोबाल्ट, मँगनीज खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढ्या गोळ्यांत पडून आहे. 26 जानेवारी 1981 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने असे गोळे पहिल्यांदा वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर तळ शोधासाठी भारताकडे आहे, जवळजवळ पाव महाराष्ट्र. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. सगळीकडे मऊ चिखल असताना देठाला पकडायला टणक जागा तेवढीच, त्यामुळे प्रशांत महासागरात अशा गोळ्यांवर सी लिली उभ्या दिसल्या आहेत.

मी मनाची समजूत काढली होती. 2005 मध्ये बाउमिलर आणि मेसिंग या संशोधकांनी बहामाजवळची सी लिली तळावरून हातांनी सरपटताना दाखवली, सेकंदाला चारपाच सेंटिमीटर. सी-अर्चिन खायला आला की देठाचं टोक सोडून ती पळ काढते. म्हटलं, यंत्र आलं तर सरकेल बाजूला. नंतर वाचलं की सरपटणारं कुळ वेगळं. गोळ्यांवरची बरीचशी देठाने दगडाला कायमची चिकटलेली असतात. गोळा गेला की तीही गेली.

आमच्या धंद्यात चूक झाली की रोलबॅक करतात, मागची आवृत्ती परत आणतात. पेरूजवळच्या समुद्रात 1989 साली प्रयोग म्हणून तळ नांगरला होता. 26 वर्षांनी जाऊन पाहिलं तर चाकोऱ्या तशाच.

मामाची बाजू मात्र मला खोडता आली नाही. "वर खोदलं तं मानसाइच्या फुफ्फुसात धूर जाते," तो म्हणाला. "खाली कोनी मानूस नाइ ना रायत?" हे चाळीस वर्षं धूळ खाल्लेला माणूस बोलतो, तेव्हा पुण्यात एसीत बसणाऱ्याने सी लिलीची वकिली करताना जरा दबकूनच बोलावं. तरी मला वाटतं, 'दुखतं का' हा प्रश्न अपुरा आहे. ज्याला दुखत नाही त्याचंही काहीतरी हिरावून घेता येतं: त्याची जागा. आणि इथे ती परत देण्याची सोय आपल्याकडे नाही. असं असताना घाई करणं मला बरोबर वाटत नाही, स्कूटर थोडी महाग झाली तरी.

हे मामाला पटलं नाही. निघताना मात्र म्हणाला, "ते सरपटनारं दाखव आनखी एकडाव."

दाखवलं. मोहाडीत त्या रात्री नेटवर्क बरं होतं.