पंखातला पीळ

आमच्या घरात आकाशकंदील विकत आणण्याची पद्धत नाही. कामट्या तासायच्या, त्या दोऱ्याने घट्ट बांधायच्या, खळ शिजवायची आणि सुरकुती पडू न देता पतंगाचा कागद चिकटवायचा, हे काम गेली चाळीस वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे हलक्या सांगाड्यावर कागद ताणून बसवण्याच्या विद्येत आपल्याइतका जाणकार निदान आमच्या आळीत तरी दुसरा नाही, असा माझा एक गोड समज आहे. माणसाच्या हातून पापे घडतात ती पुष्कळदा अशा गोड समजांमुळेच! त्यांपैकी एक पाप मला आज वाचकांपुढे कबूल करायचे आहे.

माझा नातू एन. सी. सी.च्या हवाई विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, तो एक लांबट खोका घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, मी विमान करणार आहे. कसरती करणारं!" खोक्यात बाल्साच्या पातळ पट्ट्या होत्या. इक्वेडोरकडून येणारे हे लाकूड इतके हलके, की आपण काही उचलले आहे हे हाताला पटतच नाही. सोबत दीड सी. सी.चे, मुठीत मावेल एवढे इंजिन होते.

हे विमान रेडिओवर चालत नाही. ते तारांवर उडते. उडवणारा मध्यभागी मूठ धरून उभा राहतो आणि दहाबारा मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला विमान त्याच्याभोवती फिरते. तारा डाव्या पंखातून आत जाऊन एका डुलत्या पट्टीला जोडलेल्या असतात. एक तार ओढली की विमानाचे नाक वर, दुसरी ओढली की खाली. बस्स, एवढेच! पण एवढ्यावरच ते कोलांट्या घेते, उलटे उडते, हवेत आडवा इंग्रजी आठ काढते. ऑरेगनमधील पोर्टलंडच्या जिम वॉकरने 1940च्या सुमारास ही युक्ती लोकप्रिय केली.

मला प्रथम हसूच आले. दावणीला बांधलेले विमान! मी तसे म्हणताच नातू गंभीरपणे म्हणाला, "दावण नाही, आजोबा. विमान बाहेर ओढतं म्हणून तर तारा ताठ राहतात. त्यासाठी बाहेरच्या पंखाच्या टोकात मुद्दाम शिसं घालतात, इंजिनाचं तोंडही थोडं बाहेर वळवतात. त्यानं बाहेर ओढलं नाही तर तारा सैल पडतात. मग मूठ कितीही हलवा, विमान ऐकत नाही."

हे बोलणे मी त्या वेळी नुसतेच ऐकले. ते समजायला एक वर्ष लागले.

तीन आठवडे त्याचे काम चालले होते. माझे हात शिवशिवत. पण "तुम्ही फक्त बघा" अशी सक्त ताकीद होती. पंखाच्या फासळ्या जुळल्या, कागद चढला, त्यावर डोप लागले. डोप वाळताना कागद आक्रसतो आणि पंख नीट दाबून ठेवला नसेल तर त्याला पीळ पडतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो असता मी सहज विमान मागच्या बाजूने डोळ्यांसमोर धरले. उजव्या पंखाची मागची कड टोकाशी किंचित खाली झुकली होती. म्हणजे तो पंख जास्त उचलला जाणार, विमान आत कलंडणार आणि तारा सैल पडणार!

घर झोपले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण कागदाच्या पंखाचा पीळ वाफेने जातो. मी किटली चढवली, पंख वाफेवर धरला, हळूच उलट पिळला आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. सकाळी कोणाला काही कळले नाही. एखादे पुण्यकर्म केल्यासारखा मी मनातून प्रसन्न होतो.

विमान उडाले, आणि काय उडाले! माळावर ईथर आणि एरंडेलाचा वास पसरला, विमान गरगरत वर चढले, उलटे झाले, पुन्हा सुलटे झाले. दिवाळीत फराळाला आलेल्या पाहुण्यांना नातू सांगत होता, "सगळं मी एकट्यानं केलं!" त्या वेळी माझ्या तोंडातली करंजी काही केल्या घशाखाली उतरेना. परंतु ऐन सणात त्या पोराच्या आनंदावर विरजण कोण घालणार?

गेल्या वर्षी त्याने दुसरे विमान केले. मी तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे होतो. परतलो तो तडक मला माळावर घेऊन गेला. विमान डोक्याइतके उंच चढले, आत कलंडले, तारा लोंबल्या आणि नाकावर आदळून त्याचा चुराडा झाला. दोन महिन्यांचे काम दोन क्षणांत संपले. तो तुकडे गोळा करीत राहिला. मग म्हणाला, "पहिलं अगदी असंच केलं होतं, आजोबा. ते उडालं. मग हे का पडलं?"

या प्रश्नाचे उत्तर जगात एकट्या मला ठाऊक होते. मी ते दिले. तो ओरडला नाही, रडला नाही. एवढेच म्हणाला, "म्हणजे पहिलं माझं नव्हतंच." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

त्या दोन दिवसांत मी पुष्कळ विचार केला. अमेरिकेतील तारेच्या विमानांच्या राष्ट्रीय कसरत-स्पर्धेत ज्याने विमान बांधले त्यानेच ते उडवावे, असा नियम वर्षानुवर्षे पाळला गेला. पूर्वी मला तो नियम हटवादी वाटे. आता वाटते, मी नातवाचे श्रम चोरले नाहीत, यशही चोरले नाही. मी त्याची चूक चोरली. ती त्याच्या हक्काची होती. ती त्याला दिसली असती तर पंख मागून पाहायची सवय त्याला तेव्हाच लागली असती.

कोणी म्हणेल, पहिलेच विमान पडले असते तर पोराने नादच सोडला असता. तसे झालेही असते. मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत नाही. मग मदत करूच नये काय? तसेही नव्हे. त्या सकाळी मी त्याला पंख मागून पाहायला सांगितला असता आणि मग किटली चढवली असती, तर वाफ तीच असती, पिळणेही तेच असते. पण विमान त्याचे राहिले असते. पाप किटलीत नव्हते, रात्रीत होते! त्याला आपल्यापासून ओढ घेऊ द्यायची नव्हती, म्हणून तर मी रात्र गाठली. आणि ओढच नसेल तर तार सैल पडायचीच.

तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला, ओट्यावर किटली ठेवली आणि म्हणाला, "वाफ कशी द्यायची ते दाखवा."

यंदा तिसरे विमान झाले. माळावर विमान मागून धरायचे काम माझ्याकडे होते. इंजिन सुरू झाल्यावर विमान हातात थरथरते, पुढे झेपावू पाहते. धरणाऱ्याने ते ढकलायचे नसते. उडवणाऱ्याने खूण केली की नुसते सोडायचे. नातवाने मध्यभागातून हात वर केला. मी सोडले. तारा ताठ झाल्या.

यंदाचा आकाशकंदीलही त्यानेच केला आहे. त्याची एक बाजू किंचित तिरकी झाली आहे. मी त्याला तसे सांगितले. "राहू द्या," तो म्हणाला.

राहू दिली आहे.