रंगाचा मोह आणि जिवाची अमानत



गेल्या हिवाळ्यात बारामतीत जुम्याच्या नमाजनंतर महाविद्यालयात शिकणारा एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मोबाइलवर सापांची चित्रे दाखविली. कुणी नारिंगी, कुणी गुलाबी, कुणी दुधासारखा पांढरा. पण जात एकच, अमेरिकेतील बिनविषारी ‘कॉर्न स्नेक’. तो म्हणाला, “मौलाना, लोक जोड्या जुळवून हे रंग घडवितात. हे जायज आहे का?” मी बोलण्याआधीच इंदापूर तालुक्यातून आलेले एक शेळीपालक हसून म्हणाले, “सापांचं कशाला विचारतोस बेटा? माझ्या गोठ्यातही तेच चाललंय.” ते बकरी ईदसाठी बोकड तयार करतात. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि लांब कान असलेल्या करडाला दाम अधिक मिळतो, म्हणून त्याच वंशात पुन्हा पुन्हा जोड्या लावतात.

साप पाळावा की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्याकडील नाग-धामण पाळण्यास तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचीच बंदी आहे. पण रंगासाठी जीव घडवावा का, हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

या पैदाशीचे गणित साधे आहे. कॉर्न स्नेकच्या नारिंगी ठिपक्यांना काळी किनार असते. काही पिल्ले काळ्या रंगाविना जन्मतात. हा गुण आई आणि बाप या दोघांकडून यावा लागतो. दोघेही दिसायला सामान्य असले, पण दोघांच्या रक्तात तो गुण दडलेला असला, तर सरासरीने चारांत एक पिल्लू तसे निघते. तो गुण लवकर प्रकटावा म्हणून माणसे भावंडांची किंवा आईबापांशी पिल्लांची जोडी लावतात. पण दडलेला रंग जसा वर येतो, तसे दडलेले दोषही वर येतात. ‘सनकिस्ड’ नावाच्या वाणात असाच एक दोष पसरला. तो ज्या पिल्लात उतरतो, ते डोके उलटे वळवते आणि त्याचा तोल जातो. रंगाचा आनंद माणसाला मिळतो, भोवळ मात्र सापाच्या वाट्याला येते.

मग सौंदर्याची आवड हेच पाप आहे काय? मुळीच नाही. पवित्र कुरआनात गुरांची ऊब, त्यांचे इतर लाभ आणि आहार सांगून झाल्यावर, ती सायंकाळी परततात व सकाळी चरायला निघतात त्या दृश्यातील शोभेचाही अल्लाहने उल्लेख केला आहे (सूरह नहल, 5-6). जनावरांचे निरनिराळे रंग ही त्याच्या सामर्थ्याची निशाणी आहे (सूरह फातिर, 28). खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिंगे असलेल्या, पांढऱ्या-काळ्या रंगाच्या दोन मेंढ्यांची कुर्बानी दिली होती.

निवडून पैदास करणे हेही स्वतःहून निषिद्ध नाही. शेजारच्या फलटणमधील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्ण’ हा वाण घडविला. त्यामागे मेंढपाळाच्या पोटाचा विचार होता. याउलट जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी मुळात काटक आणि झपाट्याने वाढणारी. पण तिच्या पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकासाठी लाखांच्या बोली लागतात. गरज कुठे संपते आणि मिरवणे कुठे सुरू होते, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारावे.

या ठिकाणी एक हदीस मला फार मोलाची वाटते. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका ग्रामीण अरबाला काळ्या वर्णाचे मूल झाले. रंग आपल्यासारखा नाही, म्हणून त्याच्या मनात शंका आली. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांचा रंग विचारला. तो म्हणाला, तांबडा. त्यांत एखादा राखाडी आहे का? आहे. मग तो कोठून आला? अरब म्हणाला, एखाद्या पूर्वजाच्या रक्ताने ओढला असेल. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले, की तुझ्या मुलाच्या बाबतीतही तसेच झाले असेल.

वाचकहो, थोडे थांबून विचार करा. दडलेल्या आनुवंशिकतेचेच हे ज्ञान. प्रेषितांनी (स.) त्याच्या आधारे वेगळ्या रंगाच्या एका जिवाला बापाच्या मायेत जागा मिळवून दिली. त्याच ज्ञानाच्या आधारे आपण मनाजोगा रंग न आलेल्या जिवाला नाकारतो.

मी त्या शेळीपालकांना विचारले, “चाचा, जे करडू साधे निघते, त्याचे काय होते?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठिपकेवाल्याला आधी दूध पाजतो. उरलं तर साध्याला. गेल्या पावसाळ्यात एक गेलं.” मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. त्याआधीच्या ईदला मीही एक धडधाकट काळा बोकड सोडून ठिपकेवाला निवडला होता. गोठ्यातल्या दुधाची वाटणी आम्हा ग्राहकांच्या नजरेने ठरत होती.

मांजरीला बांधून उपाशी मारणारी स्त्री त्यापायी शिक्षेस पात्र ठरली, हे आपण मुलांना सांगतो. मग उपाशी करडाचा हिशेब कोण देणार? म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे कसोटी अशी: जो रंग जनावराच्या देहाला पीडा देतो, जवळच्या नात्यातील जोड्यांनी वंश दुबळा करतो किंवा साध्या पिल्लाचा हक्क हिरावतो, तो रंग घडविणे अमानतीत खयानत आहे. जिथे यांतले काही नाही, तिथे सौंदर्य ही अल्लाहची देणगी समजून शुक्र अदा करावा.

कुर्बानीच्या जनावरात उघड आंधळेपणा, आजार, लंगडेपणा आणि अतिकृशता नसावी, असा दंडक आहे. त्यात रंगाची अट नाही. अल्लाहपर्यंत मांस आणि रक्त पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो (सूरह हज, 37). येत्या ईदला मुलांना बाजारात न्याल, तेव्हा ठिपके मोजण्याआधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवायला त्यांना शिकवा. ते पोटभर वाढले आहे का, हे हाताला कळते.

अल्लाह आपल्या नजरेला सौंदर्य ओळखण्याची आणि हृदयाला दया करण्याची तौफीक देवो. आमीन.