घण नको, तेल घाला

सज्जनहो, गुंडामहाराजांच्या आणि धुंडामहाराजांच्या देगलूरात दृष्टान्तासाठी लांब जाणे नको. मिस्त्रीच्या दुकानातही तो सापडतो. मद्रासेस १९५५ पासून जुळू लागलेली बुलेट, उजव्या पायाच्या गियरची, अजूनही कोणी कोणी जपून ठेवतात. तिचा गियरबॉक्स जाम झाला तर काय करावे, ते पाहू.

या पेटीत मुख्य शाफ्ट एका पोकळ दातेरी चाकातून आरपार जातो. दोहोंमध्ये बुश असतो. खालच्या तीन गियरांत शाफ्ट आणि ते चाक वेगवेगळ्या वेगाने फिरतात. म्हणून मधे तेल हवे. चौथ्यात दोघे एकत्र बांधले जातात. तेथे तेल आटले तरी कळत नाही. सपाट रस्त्यावर सारे गोड! चढ लागला, गियर खाली घेतला, की कोरडा बुश तापतो, शाफ्टला धरतो आणि गाडी जागीच अडते.

भाऊभाऊही असेच. सुगी बरी तोवर एका चालीने चालतात. वाटणीचा चढ आला की आतला कोरडेपणा उघडा पडतो, आणि एका अंगणात दोन चुली, वर अबोला!

अडाणी माणूस मग घण उचलतो. शाफ्ट वाकतो, पेटीला तडा जातो. जाणता मिस्त्री आधी जुने तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का पाहतो. डावीकडचा क्लच उतरवतो. तो शाफ्टच्या टोकाला बसलेला, तो असता शाफ्ट उजवीकडे निघणार कसा? निघालेली चकतीन् चकती ओळीने मांडतो. चिकटल्या जागी पातळ तेल सोडून रात्रभर थांबतो. बेअरिंग निघेना तर अ‍ॅल्युमिनियमची पेटी ऊन करतो. ती पोलादाहून अधिक फुगते आणि बेअरिंग सैल होते.

आपल्याकडचे तेल कोणते म्हणाल? दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तेच. मग ज्याच्याशी बोलणे तुटले, त्याच्याच पाया आधी का पडू नये? एका दिवसात सुटेल असे नाही; मिस्त्रीही रात्रभर थांबतोच की!

पण एवढे ध्यानी घ्या. खाऊन गेलेला बुश तेलाने भरत नाही, तो नवा बसवावा लागतो. भावाचा हिस्सा दाबला असेल तर तो परत द्यावा लागतो. नुसता नमस्कार पुरत नाही.

आषाढीला निघण्याआधी एवढे करून निघू या. रामकृष्णहरी!