दरीच्या तळाशी पाणी



आजच्या पहिल्या वाचनात इस्राएली लोक पाण्यासाठी मोशेवर उठले आहेत. मिसरातून सुटका झाली, समुद्र दुभंगला, मान्ना मिळाला. तरी घसा सुकताच देव सोबत आहे की नाही, याचीच त्यांना शंका आली. या वाचनावर मी अनेकदा प्रवचन दिले आहे. त्या कुरकुरणाऱ्यांत मीही आहे, हे मात्र २०२५च्या सप्टेंबरअखेरीस कळले.

माझा धाकटा भाऊ पर्थला असतो. मुलांना सुटी होती म्हणून तो आम्हा सर्वांना तंबू घेऊन करिजिनी राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेला. पर्थपासून उत्तरेला सुमारे १४०० किलोमीटर, गाडीने दोन दिवस. पिलबारा नावाचा हा मुलूख म्हणजे लाल माती, स्पिनिफेक्सचे टोचरे गवत आणि डोक्यावर रणरणते ऊन. पिण्याचे पाणी आपले आपणच न्यायचे.

पहिल्या संध्याकाळी मी डब्यातल्या पाण्याने धुळीचे पाय धुतले. पुतण्या ओरडला, "बाबा, काका प्यायच्या पाण्याने पाय धुतायत!" भाऊ म्हणाला, "इथे नळ नाही हो." एवढेच. पण मला लागले. मी म्हणालो, "पाण्याची किंमत तू मला शिकवतोस? घरामागचे बावखल कोणी बुजवले?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कागदावर तुझीही सही आहे, दादा." एरवी तो मला फादर म्हणतो.

गोष्ट खरी होती. पंधरा वर्षे मी ती सोयीस्करपणे विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही हँकॉक घळीत उतरलो. या घळी विलक्षण आहेत. वर सपाट माळ दिसतो आणि पुढच्या पावलाला जमीन संपते. काही ठिकाणी शंभर मीटर खोल. कड्यांचे थर सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या लोहयुक्त गाळाचे. वर अंग भाजते, तळाशी पाणी इतके गार की दात वाजतात. सेमिनरीत आम्हाला प्लेटोची गुहा शिकवली होती. त्याने माणसाला वर उजेडात यायला सांगितले. इथे शिडीने खाली उतरावे लागते, पुढे दोन्ही भिंतींना हातपाय रोवून कोळ्यासारखे सरकावे लागते. माझे वजन तुम्हाला ठाऊक आहेच. भाऊ पुढे होता आणि दर वळणावर थांबून हात देत होता. रात्रीचा शब्दही त्याने काढला नाही.

त्या वाटेच्या पलीकडे एक डोह आहे, रीगन्स पूल. तिथे सर्वांना जाता येत नाही. जखमी पर्यटकाला सोडवायला उतरलेला जिम रीगन हा स्वयंसेवक २००४ साली अचानक आलेल्या लोंढ्यात गेला, त्याचे नाव त्या डोहाला आहे. अनोळखी माणसासाठी तो खाली उतरला होता. मला सख्ख्या भावाशी चार शब्द बोलायला उतरवेना.

वर चढताना माझी बाटली रिकामी झाली. भावाकडे होती, पण मागायची लाज वाटत होती. तेव्हा आजचे शुभवर्तमान आठवले. शोमरोनी स्त्रीला जिवंत पाणी देणारा प्रभू आधी स्वतः थकून विहिरीवर बसतो आणि तिच्याकडेच प्यायला मागतो. या मागण्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. आपल्याला देणे जमते. मागितले की मान खाली जाते.

मी म्हणालो, "पाणी दे रे थोडे." त्याने बाटली दिली. पिऊन झाल्यावर म्हणालो, "सही माझीही आहे." तो म्हणाला, "पी अजून. चढ बाकी आहे."

बावखल परत येणार नाही. त्यावर आता इमारत आहे. पण आपल्या चर्चमागच्या विहिरीत किती वर्षांचा गाळ आहे, हे सर्वांना माहीत आहे. येत्या शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर तो काढायला घेऊ. ज्यांच्याकडे घमेली आणि दोर आहेत त्यांनी आणावेत. ज्यांचे एकमेकांशी बोलणे नाही, त्यांनीही यावे. घमेले हातोहात द्यायला जास्त बोलावे लागत नाही. पहिला मी उतरतो.

तुमचे फादर